कडब्याचें गणित

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें स्थानक लागतें. गाडी तेथें क्षणभर थांबली असतां खिडकींतून जें दिसतें तें मराठवाड्यांतील इतर शेंकडों गांवांसारखेंच असतें : काळी जमीन, बांधावरच्या बाभळी, आणि रब्बीची सुगी आटोपल्यावर रचलेल्या कडब्याच्या गंज्या. ज्याची गंजी उंच त्याच्या घरीं उन्हाळ्याची काळजी कमी. होळीच्या सुमारास गंजी मोठी दिसते व धीर वाटतो. अक्षय्य तृतीयेस ती अर्ध्यावर येते तेव्हां घरांत कुजबूज सुरू होते. आणि मृगाचा पाऊस लांबला तर ज्या बैलानें वर्षभर नांगर ओढला त्यालाच बाजाराची वाट दाखविण्याची पाळी येते. गेल्या कांहीं दशकांत या भागांत सोयाबीनचा पेरा वाढला व ज्वारीचा कमी झाला. त्यामुळें कडबा पूर्वीपेक्षां दुर्मिळ झाला आहे आणि हा प्रसंग अधिक घरांवर येऊं लागला आहे.

अशा वेळीं सर्वांची दृष्टि गंजीच्या उंचीकडे असते. परंतु गंजींतील पेंढी बैलाच्या अंगीं किती लागते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक तो तितकाच महत्त्वाचा आहे. कारण खाल्लेल्या कडब्याचा मोठा भाग शेणावाटे बाहेर जातो. तो किती जावा, हें कांहीं अंशीं कडब्यावर अवलंबून असतें, कांहीं अंशीं बैलाच्या पोटावर. आणि कांहीं अंशीं तें खाऊं घालणाऱ्याच्या हातांत असतें. या तिन्हींचा हिशेब मांडण्याची एक गणिती रीत शास्त्रज्ञांनीं तयार केली आहे. ती समजण्यास शाळेंतील अंकगणितापलीकडे कांहीं लागत नाहीं.

प्रथम कडबा म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. ज्वारीच्या दाण्यांत पिष्ट असतें आणि धांड्यांत सेल्युलोज असतें. हे दोन्ही पदार्थ एकाच द्राक्षशर्करेच्या मण्यांचे बनलेले आहेत. भेद आहे तो केवळ मणी ओंवण्याच्या पद्धतींत. पिष्टांतील गांठ माणसाच्या पोटांत सहज सुटते, म्हणून भाकरी पचते. सेल्युलोजची गांठ सुटत नाहीं. कापसाचा धागा हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच होय, आणि कापूस खाऊन कोणाचें पोट भरल्याचें ऐकिवांत नाहीं. धांड्यांत सेल्युलोजच्या जोडीस हेमिसेल्युलोज नांवाचा दुसरा तंतुमय पदार्थ असतो, आणि या दोहोंस घट्ट बांधून ठेवणारें लिग्निन असतें. घराच्या भिंतींत ज्याप्रमाणें विटा आणि चुना, त्याप्रमाणें वनस्पतीच्या भिंतींत सेल्युलोज आणि लिग्निन. पीक जून होत जातें तसतसा हा चुना वाढतो व धांडा ताठ उभा राहतो. वाळलेल्या कडब्याच्या वजनांत साधारणपणें दोन-तृतीयांश भाग या भिंतींचाच असतो.

आतां एक गोष्ट ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सेल्युलोजची गांठ सोडविणारा पाचक रस बैलाच्या शरीरांतही उत्पन्न होत नाहीं. म्हणजे काटेकोर बोलावयाचें तर बैलास कडबा पचत नाहीं! तो पचवितात ते त्याच्या पोटांत राहणारे सूक्ष्म जंतु. बैलाचें काम एवढेंच कीं, त्यांना घर द्यावें, ऊब द्यावी, वेळेवर चारा पुरवावा, आणि त्यांच्या श्रमाचें फळ आपण घ्यावें.

हें घर म्हणजे गाईबैलांच्या चार पोटांपैकीं पहिलें व सर्वांत मोठें कोठीपोट. धान्याच्या कोठीप्रमाणें यांत माल सांठविला जातो, म्हणून हें नांव. मोठ्या गाईच्या कोठीपोटांत शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. त्याला लागूनच मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलें जाळीपोट आहे. त्यापुढें पोथीच्या पानांसारख्या पडद्यांचें पडदेपोट आणि शेवटीं, माणसाच्या जठराप्रमाणें आंबट रस सोडणारें, खरें पोट. घाईघाईनें गिळलेला कडबा प्रथम कोठीपोटांत पडतो. पुढें जनावर निवांत बसलें कीं तो घांस घांस करून तोंडांत परत येतो व बारीक चावला जातो. हाच रवंथ. कोरडा चारा खाणाऱ्या जनावराचा दिवसांतील सहा ते आठ तासांचा वेळ यांत जातो. त्या वेळीं सुटणारी लाळ कांहीं थोडीथोडकी नसते. मोठ्या गाईच्या बाबतींत ती दिवसाला शंभर लिटरांच्या घरांत जाते. ही लाळ खारट असते आणि पोटांत सतत तयार होणारें आम्ल ती मारीत राहते. लाळ कमी पडली तर जंतूंचें घर आंबतें.

या जंतूंकडे मनुष्याचें लक्ष फार उशिरां गेलें. १८४३ सालीं पॅरिस येथें ग्रूबी आणि डेलाफाँ या दोघांनीं रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांतील रस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवून त्यांत हालचाल करणारे आदिजीव पाहिले. परंतु तंतु कुजविण्याचें मुख्य काम त्यांहूनही लहान अशा जीवाणूंचें आहे. हे जीवाणु हवेंतील प्राणवायूचा स्पर्श होतांच मरतात. त्यामुळें त्यांना पोटाबाहेर वाढविणें फार दुष्कर होतें. अमेरिकेंतील रॉबर्ट हंगेट यांनीं प्राणवायुरहित नळ्यांत ते वाढविण्याची युक्ति शोधून काढली, तेव्हां या अदृश्य सृष्टीचें दार उघडलें. पुढें १९७५ सालीं इंग्लंडांत कॉलिन ऑर्पिन यांनीं दाखवून दिलें कीं, ज्यांना आदिजीव समजत असत त्यांपैकीं कांहीं वस्तुतः बुरशीचीं पोहणारीं बीजें आहेत. या बुरशीचे धागे धांड्याच्या कठीण भागांत शिरून त्याला भेगा पाडतात व जीवाणूंस वाट करून देतात. कोठीपोटांतील रसाच्या एका थेंबांत शेंकडों कोटी जीवाणु असतात, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

हे जंतु सेल्युलोज फोडून त्यावर आपला निर्वाह करतात. त्यांच्या या खटाटोपांतून जीं आम्लें उरतात, त्यांत मुख्य म्हणजे शिरक्यांतील आम्ल, तीं कोठीपोटाच्या भिंतींतून रक्तांत शोषलीं जातात. आणि त्यांवरच बैलाच्या शक्तीचा सर्वांत मोठा भाग चालतो. खुद्द जंतुही अन्नाबरोबर पुढें वाहत जातात व खऱ्या पोटांत पचून बैलास प्रथिन पुरवितात. या व्यवहारांत मिथेन नांवाचा वायु तयार होतो. तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. ती जंतूंच्या कारखान्याची घट समजावी.

आतां हिशेबाकडे वळूं. कडब्यांतील तंतुमय भाग नक्की किती, हें ठरविणेंच प्रथम अवघड होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील वेंडे येथें हेन्नेबर्ग व स्टोमान यांनीं चारा आधीं सौम्य आम्लांत व नंतर सौम्य क्षारांत उकळून जो चोथा उरे त्यास तंतु म्हणण्याची पद्धत घातली. ती शंभर वर्षें चालली. परंतु तिच्यांत एक मोठा दोष होता : उकळतांना लिग्निन व हेमिसेल्युलोज यांचा बराच भाग विरघळून जाई, आणि निकृष्ट चारा कागदावर चांगला ठरे. अमेरिकेंतील पीटर व्हॅन सूस्ट यांनीं १९६० नंतरच्या दशकांत साबणासारख्या द्रवांत चारा उकळून केवळ भिंतींचा भाग वेगळा काढण्याची रीत बसविली. आज जगभर चारा तपासतांना हीच रीत वापरली जाते.

तंतु किती हें कळलें. तो किती वेगानें पचतो हें कसें कळावें? त्यासाठीं नायलॉनच्या लहान पिशव्या करतात. त्यांचें कापड इतकें तलम असतें कीं जंतु आंत जाऊं शकतात पण चारा सहसा बाहेर येत नाहीं. ज्या गाईच्या कुशीस शस्त्रक्रियेनें झांकणाचें छिद्र केलेलें असतें तिच्या कोठीपोटांत या पिशव्या सोडतात. सहा तासांनीं एक, बारा तासांनीं दुसरी, चोवीस तासांनीं तिसरी, याप्रमाणें त्या बाहेर काढून, धुऊन व वाळवून वजन केलें म्हणजे दर वेळीं किती चारा नाहींसा झाला तें कळतें. १९७९ सालीं स्कॉटलंडांतील रोवेट संशोधन संस्थेचे ऑर्स्कोव व मॅक्डोनल्ड यांनीं या वजनांवरून पचनाचा वेग काढण्याचें समीकरण दिलें. त्याच वर्षीं जर्मनींतील होहेनहाइम येथें मेंके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरी युक्ति प्रसिद्ध केली : चिमूटभर चारा आणि कोठीपोटांतील रस काचेच्या पिचकारींत घालून ती उबदार ठेवावयाची, आणि किती वायु सुटला यावरून किती पचलें याचा अंदाज करावयाचा.

या सर्व प्रयोगांतून एक साधा नियम हातीं आला. चारा दर तासास सारख्या वजनानें पचत नाहीं. जेवढा उरला असेल त्याचा ठराविक शेंकडा दर तासास पचतो. पचनाचा वेग ताशीं शेंकडा चार असेल तर शंभर भागांतून पहिल्या तासांत चार भाग जातात व शहाण्णव उरतात. दुसऱ्या तासांत शहाण्णवांचे शेंकडा चार जातात. आणि असें होतां होतां सुमारें सतरा तासांनीं अर्धा माल संपतो. वेग ताशीं शेंकडा तीन असेल तर त्याच कामास तेवीस तास लागतात. आरंभींचे कांहीं तास तर जवळजवळ फुकटच जातात, कारण कोरडा धांडा भिजून त्यावर जंतूंस चिकटावयास वेळ लागतो.

चारा पोटांत अनंत काळ राहता तर कितीही मंद वेग चालला असता. परंतु तसें होत नाहीं. शाळेच्या अंकगणितांत हौद व नळ यांचें उदाहरण प्रत्येकानें सोडविलेलें असतें. कोठीपोट हा तसाच एक हौद आहे. गव्हाणींतून त्यांत भर पडते आणि दोन मोऱ्यांतून माल बाहेर जातो. पहिली मोरी पचनाची. तिच्यांतून गेलेला माल बैलाच्या अंगीं लागतो. दुसरी मोरी पुढें सरकण्याची. तिच्यांतून गेलेला माल, पुढील आंतड्यांत थोडासा पचतो तेवढा वगळतां, शेणांत जातो. दोन्ही मोऱ्या एकाच वेळीं उघड्या असतात. तेव्हां धांड्याच्या प्रत्येक तुकड्याची ही शर्यतच असते : आधीं जंतु त्याला गांठणार कीं आधीं तो निसटणार?

१९७२ सालीं अमेरिकेंतील वाल्डो, स्मिथ आणि कॉक्स या तिघांनीं ही शर्यत गणितांत मांडली. नियम असा कीं, पचनाच्या वेगास दोन्ही वेगांच्या बेरजेनें भागावें, म्हणजे पचूं शकणाऱ्या तंतूंपैकीं किती वांटा खरोखर पचेल तें निघतें. आणि जो भाग लिग्निननें पुरता जखडलेला आहे तो आधींच वेगळा काढावा, कारण तो कितीही वेळ ठेवला तरी पचणार नाहीं. योगायोग असा कीं, याच १९७२ सालीं मे महिन्यांत परभणी येथें मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर भीषण दुष्काळ कोसळला. चाऱ्यावांचून जनावरांचे हाल झाले. एका चाऱ्याच्या काडींतून किती मिळतें, हा प्रश्न त्या वर्षीं केवळ शास्त्राचा नव्हता.

नियमाचा उपयोग पाहण्यासाठीं श्रोत्यांनीं सोपे आंकडे धरावेत. समजा, कडब्यांतील तंतूंचे शंभर भाग आहेत. त्यांतील पस्तीस लिग्निननें जखडलेले, पासष्ट पचूं शकणारे. पचनाचा वेग ताशीं तीन, पुढें सरकण्याचा वेगही ताशीं तीन. तीनास सहानें भागिलें, अर्धा आला. म्हणजे पासष्टांपैकीं साडेबत्तीस भाग पचले. आतां कांहीं उपायानें पचनाचा वेग तीनाचा चार झाला असें धरावें. चारास सातानें भागिलें; पासष्टांपैकीं सदतीस भाग पचले. वाढ दिसावयास लहान, पण तिचा अर्थ असा कीं पूर्वी आठ पेंढ्यांतील तंतूंपासून जें मिळत होतें तें आतां सात पेंढ्यांपासून मिळेल. उलट, कडब्याचें पीठ करून घातलें व पुढें सरकण्याचा वेग तीनाचा पांच झाला, तर तीनास आठानें भागावें लागेल. आणि पूर्वीचें तीन पेंढ्यांचें काम करावयास चार पेंढ्या लागतील.

हेंच हौदाचें गणित वाढवीत नेऊन शास्त्रज्ञांनीं पुढें अनेक हौदांचीं प्रतिमानें रचलीं. कॅलिफोर्नियांतील बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं एक संबंध गाय समीकरणांत उतरविली. तिला मॉली असें नांव आहे. ही गाय केवळ संगणकांत राहते. तिला कोणता चारा दिला असतां दूध किती येईल व अंगावर मांस किती चढेल, याचें उत्तर ती देते. मॉलीच्या पोटीं सुद्धां मूळ प्रश्न तोच आहे : पचणें आधीं कीं निसटणें आधीं?

आतां हें गणित घेऊन पिंगळीच्या गोठ्यांत यावें. उन्हाळ्यांत बैलासमोर कडबा आहे, तरी तो अर्धा गव्हाणींत टाकतो, असा अनुभव असतो. लोक म्हणतात, बैलाला कडब्याचा कंटाळा आला. खरें कारण निराळें असूं शकतें. पहिली मोरी तुंबली म्हणजे हौद भरलेलाच राहतो. पोट भरलेलें, पण शरीर उपाशी! मोरी तुंबण्याचें मुख्य कारण जंतूंची उपासमार. जंतूंस वाढण्यासाठीं नत्र लागतें. साधारणपणें चाऱ्यांत शेंकडा सात तरी प्रथिन असलें तर त्यांचें नीट चालतें. सुक्या कडब्यांत तें शेंकडा तीन ते पांचच असतें. सहा किलो कडब्यांत शेंकडा चार प्रमाणें दोनशें चाळीस ग्रॅम प्रथिन आलें. त्याच्या जोडीस एक किलो सरकीची पेंड दिली आणि तिच्यांत शेंकडा बावीस प्रथिन धरलें, तर एकंदर सात किलोंत चारशें साठ ग्रॅम होतात, म्हणजे शेंकडा साडेसहा. चाराचे साडेसहा झाले. जंतु कामाला लागले. ही पेंड बैलाला नव्हे तर बैलाच्या पाहुण्यांना आहे, असें समजून दिली पाहिजे. पेंड परवडत नसेल तेथें शेवरीचा, सुबाभळीचा किंवा दुसरा हिरवा द्विदल पाला थोडा थोडा दिला तरी तेंच काम होतें. परंतु आठवड्यांतून एकदां भरपूर देण्यापेक्षां रोज थोडें देणें हितकर, कारण जंतु रोज जेवतात.

यूरियाची प्रक्रिया हा याच जातीचा दुसरा उपाय. शंभर किलो कोरड्या चाऱ्यावर चार किलो यूरिया सुमारें पन्नास लिटर पाण्यांत विरघळवून शिंपडावयाचा, चारा दाबून प्लॅस्टिकनें हवाबंद झांकावयाचा आणि एकवीस दिवस तसाच ठेवावयाचा. यूरियापासून निघालेला अमोनिया वायु लिग्निनची पकड कांहीं अंशीं सैल करतो व नत्रही चाऱ्यांत मुरतें. म्हणजे पचूं शकणारा वांटा आणि पचनाचा वेग या दोहोंतही वाढ होते. चारा काढल्यावर तो पसरून वास उडूं द्यावा लागतो. यूरिया नुसता पाण्यांत कालवून पाजणें हा मात्र विषप्रयोगच होय, आणि सहा महिन्यांखालील वासरांस असा चारा देऊं नये. ही रीत शास्त्रानें सिद्ध असूनही गांवोगांव रुजली नाहीं. तिला पाणी लागतें, मजुरी लागते. आणि ज्या दिवसांत चारा कमी त्याच दिवसांत पाणीही कमी. उपाय कागदावर खरा असून चालत नाहीं. तो गोठ्यांत परवडला पाहिजे. भाताच्या पेंढ्यास व गव्हाच्या काडास तिचा गुण अधिक येतो. चांगल्या पानांच्या कडब्यास पेंडीची जोड बहुधा पुरते.

कडबाकुट्टीबद्दलही गैरसमज आहे. बोटभर लांबीचे तुकडे केले म्हणजे बैल बुडखे टाकून देत नाहीं व नासाडी वांचते. हा लाभ मोठा आहे. परंतु तुकडे झाल्यानें कडब्याचें सत्त्व वाढत नाहीं. तोच कडबा दळून पीठ केला तर दुसरी मोरी मोठी होते, रवंथ कमी होतो आणि लाळही घटते. चारा विपुल असेल तेथें जनावर जास्त खाऊन ही तूट भरून काढील. चारा मोजका असेल तेथें ती तूटच राहते.

याउलट, मोजून दिलेल्या कमी चाऱ्यांत एक सोय निसर्गानेंच ठेवली आहे. कमी खाल्लें म्हणजे माल पोटांत अधिक वेळ रेंगाळतो. पुढें सरकण्याचा वेग तीनाचा दोन झाला तर तीनास पांचानें भागावयाचें. अर्ध्याच्या जागीं तीन-पंचमांश पचतें. म्हणून चारा घटला तेवढ्याच प्रमाणांत बैल खंगत नाहीं. मात्र जंतूंस नत्र मिळत राहिलें तरच हा आधार टिकतो. तें तुटलें कीं पहिली मोरीही लहान होते, आणि कमी खाऊन कमीच पचण्याची दुहेरी आपत्ति येते.

जास्त प्रेमानेंही अनर्थ होतो. लग्नसराईंत पंगती उठल्यावर उरलेला भात, पोळ्या व बुंदी जनावरांपुढें ओतण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. पिष्ट आणि साखर कोठीपोटांत अतिशय वेगानें आंबतात, आम्लाचा पूर येतो, तंतु पचविणारे जंतु मरतात, आणि एका रात्रींत धडधाकट बैल आडवा होतो, प्रसंगीं दगावतोही. थोड्या प्रमाणांत हाच दोष धान्याचा भरडा एकदम वाढविल्यानेंही होतो : कडब्याचा पचनवेग मंदावतो आणि महागाचें धान्य घालून स्वस्ताचा कडबा वाया जातो.

राहिला प्रश्न जखडलेल्या भागाचा. तो गव्हाणींत नव्हे, शेतांतच ठरतो. सोयाबीनच्या भुसकटांत व तुरीच्या काड्यांत लिग्निन अधिक. म्हणून तीं पोट भरतात पण कडब्याची जागा घेऊं शकत नाहींत. कडब्यांतही पानांचा भाग धांड्याहून लवकर पचतो. कापणीच्या वेळीं ज्या ज्वारीचीं पानें हिरवट राहतात तिचा कडबा सरस; अवेळीं पावसानें भिजून काळा पडलेला निकृष्ट. ही पारख शेतकऱ्यास जुनीच आहे. हैदराबादच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कडब्याचा ब्लूमेल व राव यांनीं अभ्यास केला, तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेंत ज्या कडब्याची पचनीयता शेंकडा बावन्न निघाली आणि ज्याची सत्तेचाळीस निघाली, त्यांच्या भावांत सुमारें चौथाईचा फरक होता. गिऱ्हाइकांजवळ ना पिशव्या होत्या, ना पिचकाऱ्या. त्यांनीं रंग पाहिला, पानें पाहिलीं, धांडा चाखून गोडी पाहिली, आणि शास्त्रज्ञांच्या आंकड्यांशीं जुळणारा भाव दिला. ज्वारीचे नवे वाण निवडतांना दाण्याबरोबर कडब्याचाही विचार करावा, हा आग्रह आतां संशोधकांत दृढ झाला आहे. त्याचें मूळ या बाजारी शहाणपणांतच आहे.

तेव्हां गणिताची गरज ती काय, असें कोणी म्हणेल. गरज अशी कीं, पारख चारा निवडून देते. पण निवडलेल्या चाऱ्यापैकीं शेणांत किती गेला, व तो कां गेला, हें डोळ्यांस दिसत नाहीं. कडबा टाकणारा बैल पाहून कडबा वाईट, असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः पेंड कमी असते. बारीक दळलेला चारा भराभर संपलेला पाहून बैल सुखी, असें वाटतें. वस्तुतः माल निसटत असतो. दोन मोऱ्यांचें चित्र मनांत ठेवलें म्हणजे या चुका टळतात.

अर्थात् या गणितासही मर्यादा आहेत. वर धरलेले आंकडे समजुतीसाठीं आहेत. नियम सर्वत्र एक असला तरी त्यांत घालावयाचे वेग प्रत्येक चाऱ्याचे, प्रत्येक जातीच्या जनावराचे व प्रत्येक ऋतूचे निराळे असतात. थंड देशांत, बांधून ठेवलेल्या दुभत्या गाईवर काढलेला आंकडा वैशाखाच्या उन्हांत नांगर ओढणाऱ्या लाल कंधारी बैलास जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. ते वेग येथल्याच कडब्यावर व येथल्याच जनावरांवर मोजले पाहिजेत. परभणीस कृषि विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पिंगळीपासून तीं दूर नाहींत. शेतकऱ्यानें तेथें जाऊन आपला चारा दाखवावा, आणि तेथील विद्वानांनीं गंज्यांपर्यंत यावें, हें दोघांच्याही हिताचें आहे.

दिवस मावळल्यावर गोठ्यांत बैल पाय दुमडून बसतो, डोळे अर्धवट मिटतो, आणि त्याचा जबडा संथपणें हलूं लागतो. जुनीं माणसें झोंपण्यापूर्वीं गोठ्यांत एक फेरी घालीत व जनावर रवंथ करीत आहे एवढें पाहून निश्चिंत होत. त्यांना जंतु ठाऊक नव्हते, समीकरणें ठाऊक नव्हतीं. परंतु रवंथ चालू आहे म्हणजे पोटांतला संसार सुरळीत आहे, ही त्यांची खूण अगदीं बिनचूक होती. त्या खुणेला आतां हिशेबाची जोड मिळाली आहे. गंजी उंच करणें दरवर्षीं कोणाच्या हातीं नसतें, तें पावसाच्या हातीं असतें. परंतु आठ पेंढ्यांचें काम सात पेंढ्यांत करून घेणें पुष्कळ अंशीं घरधन्याच्या हातीं आहे. आणि ज्येष्ठांतील एखाद्या कठीण आठवड्यांत ती वांचलेली आठवी पेंढीच दावणीचा बैल दावणीस ठेवते.